ऑटिवेल फॉगोचं गुड मॉर्निंग

ऑटिवेल फॉगोला जन्मभर एकच मत द्यायचं होतं. ते द्यायचा दिवस उजाडला तेव्हा तो मतदान केंद्रासमोर खुर्ची टाकून, आलेल्या लोकांना मत न देताच परत पाठवत बसला होता. हे काम त्याच्यावर कुणी लादलं नव्हतं. कल्पना त्याचीच होती आणि खुर्चीही त्याच्याच घरची.

सेंट जॉर्जेसमध्ये ऑटिवेलला, म्हणजे आमच्या ओटीला, न ओळखणारा माणूस सापडणं अवघड. निवृत्त होईपर्यंत त्याने हॅमिल्टनची गुलाबी बस चालवली आणि चढणाऱ्याने गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय कधी गाडी हलवली नाही. एकदा एक अमेरिकन पाहुणा तिकीट नाचवत "बीच, बीच" करत चढला, तर ओटीने इंजिन बंद करून हाताची घडी घातली. मागच्या बायकांनी त्या बिचाऱ्याला काय म्हणायचं ते शिकवलं तेव्हा कुठे बस निघाली. आमच्या बर्म्युडात गुड मॉर्निंग न म्हणता कामाचं बोलणारा माणूस एकतर परका असतो, नाहीतर भांडायला आलेला असतो. बेट अजून इंग्रजांच्याच ताब्यात, म्हणून बस चालवता चालवता ओटीने दोन पिढ्यांना स्वातंत्र्याचं महत्त्वही सांगितलं. आपलं उतरायचं ठिकाण येईपर्यंत ऐकून घेण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

आणि मग त्या वर्षी अघटित घडलं. ज्या सरकारी पक्षाची हयात राणीच्या तसबिरीखाली चहा पिण्यात गेली, त्याच्याच प्रमुखाला एके दिवशी स्वातंत्र्याची आठवण झाली. सार्वमत घ्यायचं ठरलं. त्याच्या निम्म्या पक्षाने तोंडात बोटं घातली आणि उरलेल्या निम्म्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. ओटीचा पक्ष इतकी वर्षं स्वातंत्र्याच्या नावाने घसा कोरडा करत आलेला, आता तरी तो नाचेल असं वाटलं होतं. पण पक्षाने नाक मुरडलं. "स्वातंत्र्य हवंच, पण यांच्या हातून नको. निवडणूक आपण जिंकू, स्वातंत्र्य आपण आणू. तोवर सगळ्यांनी घरी बसा."

म्हणजे ज्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते घरी बसणार, ज्यांना नको होतं ते मत द्यायला जाणार, आणि ज्याने हा घाट घातला त्याच्यावर दोघांचाही विश्वास नाही. एवढ्याशा बेटावर एवढा गोंधळ मावतो कसा, याचं मला अजून नवल वाटतं.

लोकांना घरी बसवायचं कसं, याचा विचार करायला पक्षाच्या गावशाखेची सभा भरली. कुणी म्हणालं दारात उभे राहू. दारात पोलीस उभे राहू देणार नाहीत. कुणी म्हणालं घरोघर जाऊन सांगू. घरोघर सगळे होच म्हणतात. तेव्हा ओटी उठला.

"रस्त्याच्या पलीकडे दोन खुर्च्या टाका," तो म्हणाला. "दोन म्हातारे बसवा. जो कुणी मत द्यायला येईल त्याला पूर्ण नाव घेऊन, मोठ्याने गुड मॉर्निंग म्हणायचं. बास. पुढे एक अक्षर नाही."

"आणि पोलीस?" कुणीतरी विचारलं.

"पोलिसालाही म्हणायचं. गुड मॉर्निंगला कुठला कायदा आड येतो?"

सभा खूश झाली. मत गुप्त असतं, पण मत द्यायला चालत जाणं गुप्त नसतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला आपापल्या पायांवरून कळलं. अर्स्किन बर्चल तेवढा कोपऱ्यातून म्हणाला, "आणि ओटी, तुझ्याच घरचं कुणी आलं तर?" अर्स्किन ओटीचा बालमित्र, शाखेचा चिटणीस आणि गावातला एकमेव माणूस ज्याला ओटी थोडा घाबरायचा.

"माझी आई थडग्यातून उठून आली ना, तरी तिलाही पूर्ण नावाने म्हणेन!" ओटी गरजला. टाळ्या पडल्या. एका खुर्चीवर ओटी आणि दुसरीवर अर्स्किन, हे मग वेगळं ठरवावं लागलं नाही.

टाळ्यांचा आवाज घरी पोहोचेपर्यंत टिकला. मग जिन्यावर ओटीच्या लक्षात आलं की आपण स्वतःलाच रस्त्याच्या पलीकडे बसवून आलो आहोत. ज्या एका मतासाठी आयुष्य काढलं ते हातातून गेलं. पुन्हा कधी असा कागद समोर येईल याची खात्री नव्हती, आणि त्याचं हृदय डॉक्टरच्या भाषेत 'लक्ष ठेवण्यासारखं' होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी त्याला तोड सुचली. त्याची लेक लव्हर्न त्याच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहायची. हॅमिल्टनमध्ये एका विमा कंपनीत तिची बऱ्यापैकी नोकरी होती. बेट स्वतंत्र झालं तर कंपनी केमन बेटांवर हलवू, असं तिचे साहेब चहा पिता पिता बोलायला लागले होते. ती कुठल्या पक्षात नव्हती, कुठल्या सभेला जात नव्हती. तिच्या येण्याजाण्यावर शाखेचा हक्क नव्हता.

"लव्हर्न, तू जा आणि आपल्या घरचं मत टाकून ये," ओटी म्हणाला. "होयवर खूण करायची. मी बाहेर बसेन, पण आत माझं मत तू देशील."

लव्हर्न भांडी पुसत होती. "आणि मला काय वाटतं, डॅडी?"

"तुला काय वाटायचंय? जन्मभर माझ्या मागच्या सीटवर बसून ऐकत आलीस ना?"

ती हसली. "ऐकलं तर बाई पुष्कळ," ती म्हणाली. मग पुसलेली बशी मांडून, "बरं. जाईन." बापाचा चेहरा इतका उजळला की तिने आणखी काही बोलायचं टाळलं.

बेत साधा होता. अर्स्किनला साखरेचा आजार, त्यामुळे दुपारी तो जेवायला घरी जायचा आणि जेवून जरा आडवा व्हायचा. त्या वेळात लव्हर्नने यायचं. ओटी आभाळाकडे बघत बसणार, लेक आत जाऊन येणार, आणि पक्षाची शिस्त व देशाचं स्वातंत्र्य दोन्ही एका खुर्चीत राखली जाणार.

मतदान पंधरा ऑगस्टला होतं. वादळाने ते हाणून पाडलं. चक्रीवादळ बेटाला धक्का देऊन गेलं, झाडं उन्मळली, वीज गेली, आणि मतदान एका दिवसाने पुढे ढकललं गेलं. राणीवाल्यांनी सांगितलं की देवानेही आपलं मत दिलं. ओटीच्या पक्षाने सांगितलं की देवही घरीच बसा म्हणतोय. शाळेच्या हॉलमध्ये केंद्र होतं, त्याच्या फाटकाशी असलेलं जुनं गुलमोहराचं झाड मुळासकट आडवं झालं होतं. त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बुधवारी सकाळी दोन खुर्च्या मांडल्या गेल्या.

पहिल्या आल्या मिसेस आउटरब्रिज. गोऱ्या, वयस्कर, डोक्यावर टोपी, हातात हातमोजे, चर्चला निघाल्यासारख्या.

"गुड मॉर्निंग, मिसेस कॉन्स्टन्स मेरी आउटरब्रिज!" ओटीने आवाज लावला.

बाई जागच्या जागी थांबल्या आणि विरघळल्या. "गुड मॉर्निंग, ओटी! गुड मॉर्निंग, मिस्टर बर्चल! अहो, काय तुमचं हे अगत्य! एवढ्या वादळानंतर आमच्या स्वागताला बसलात! मी सगळ्यांना सांगते." त्या आत गेल्या, राणीसाठी मत देऊन आल्या आणि तासाभराने नोकराकरवी दोघांना थंड लिंबू सरबत पाठवलं. सरबत चांगलं होतं. अर्स्किनने ते तत्त्व म्हणून घेतलं नाही. ओटीने दोन्ही ग्लास संपवले.

मग राणीवाले येतच राहिले. ज्यांना कधी कुणी पूर्ण नावाने हाक मारली नव्हती तेही खूश होऊन आत जात होते. काही तर पोरांना दाखवत होते, "बघ, मिस्टर फॉगो. शिष्टाचार असावा तर असा." ओटीच्या गुड मॉर्निंगचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम नव्हता. उलट हुरूप येत होता.

परिणाम होत होता तो वेगळ्याच लोकांवर. घरांची छपरं चुन्याने रंगवणारा कर्कलंड आला, पक्का युनियनचा माणूस. फाटकापासून हातभर अंतरावर असताना ओटीचा आवाज आला, "गुड मॉर्निंग, मिस्टर कर्कलंड एड्वर्ड सिमन्स!"

कर्कलंडचा पाय हवेतच राहिला. "गुड मॉर्निंग, अंकल ओटी... गुड मॉर्निंग, मिस्टर बर्चल..." तो घाम पुसत म्हणाला. "मी आपला हे झाड बघायला आलो होतो. केवढं मोठं झाड पडलं हो!"

"मोठंच होतं," अर्स्किन म्हणाला.

"फारच मोठं," असं म्हणून कर्कलंडने झाडाला एक फेरी मारली, बुंध्यावर थाप मारली आणि आल्या वाटेने गेला.

"आउट!" अर्स्किन दातांतल्या दातांत म्हणाला. बेटावरची क्रिकेटची कप मॅच होऊन अजून दोन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळे त्याच्या तोंडी दुसरी भाषा नव्हती.

मग ते झाड बघायला लोकांची रीघच लागली. गोदीवरचे दोघे आले, शाळेतली बाई आली, ओटीचा जुना कंडक्टर आला. कुणी फांदी मोजली, कुणी मुळं बघितली, कुणी हे झाड आपल्या आजोबांनी लावल्याचं सांगितलं. शाळेतली बाई तर पान तोडून पर्समध्ये घालून गेली. प्रत्येकाच्या मागे अर्स्किनचं "आउट!" ऐकू येत होतं, आणि दर वेळी ओटी मान दुसरीकडे वळवत होता. कारण ही सगळी माणसं त्याच्याच बसमधली होती. त्यानेच त्यांना शिकवलं होतं. ज्यांना राणी हवी होती ते हसत आत जात होते आणि ज्यांना स्वातंत्र्य हवं होतं त्यांना तो एकेका गुड मॉर्निंगला परत पाठवत होता. हे त्याला सकाळी दहाच्या सुमाराला पूर्ण कळलं होतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला कळून काय उपयोग? त्याने मनाला समजावलं, दुपारी लव्हर्न येईल. एक मत तरी आत जाईल. एक पुरे.

दुपार झाली. ओटी अर्स्किनकडे बघत बसला. अर्स्किन उठेना.

"जेवायला नाही जात?" ओटीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कशाला? घरी वीज नाही. मर्टलने फ्रीझरमधलं होतं नव्हतं ते सगळं शिजवलंय. सडून जाईल म्हणाली." अर्स्किनने खुर्चीखालून भली मोठी पिशवी ओढली. त्यातून तळलेले मासे निघाले, कोंबडीच्या तंगड्या निघाल्या, चवळी घातलेला भात निघाला. "तुझंही आणलंय. ये, हाण."

"तुला आडवं व्हायला लागतं ना रे? साखर..."

"देशाचा प्रश्न आहे, ओटी. एक दिवस साखर थांबेल."

ओटीने घास घेतला आणि तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर मोपेडचा आवाज आला. तो आवाज त्याला झोपेतही ओळखू आला असता. लव्हर्न ऑफिसच्या कपड्यांत होती. तिने मोपेड फाटकाशी लावली, हेल्मेट काढलं, आणि दोन्ही खुर्च्या भरलेल्या बघून जागीच उभी राहिली.

अर्स्किनने तंगडी खाली ठेवली. "ओटी," तो हळूच म्हणाला, "तुझी लेक."

ओटी आभाळाकडे बघू लागला.

"वर काय आहे? ओटी, ती फाटकाशी आलीय."

ओटीच्या तोंडात मासा होता. तो त्याने जमेल तितका वेळ चावला.

"आई थडग्यातून उठली तर काय करणार होतास रे?" अर्स्किन म्हणाला. आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "कर्कलंडला म्हणालास. शाळेतल्या बाईला म्हणालास. त्यांना घरदार नाही?"

ओटीने घास गिळला. त्याला सभेतल्या टाळ्या पुन्हा ऐकू आल्या. त्या क्षणी त्याला देशापेक्षा, लेकीपेक्षा, स्वतःच्या मतापेक्षाही अर्स्किनच्या नजरेची जास्त भीती वाटली. याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

"गुड आफ्टरनून," त्याचा आवाज फाटला, पण बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा तो आवाज होता, "मिस लव्हर्न आयान्थी फॉगो!"

फाटकात उभी असलेली चारपाच माणसं वळून बघू लागली. लव्हर्नने बापाकडे बघितलं. आमच्याकडे अभिवादनाला उत्तर न देणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं, आणि ती चांगल्या घरची मुलगी होती. "गुड आफ्टरनून, डॅडी," ती म्हणाली. "गुड आफ्टरनून, मिस्टर बर्चल." तिने झाडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. हेल्मेट घातलं आणि गेली.

अर्स्किन या वेळी "आउट" म्हणाला नाही. त्याने ओटीच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

ओटीने तो खाल्ला. मग आणखी खाल्लं. दुःखात माणूस किती खाऊ शकतो याचा अंदाज मर्टललाही नसावा. ऊन चढलं, वारा पडला, भात पोटात जड झाला, आणि त्या दोन म्हाताऱ्यांना कधी डुलकी लागली ते त्यांनाच कळलं नाही. जागे झाले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. रस्ता मोकळा होता आणि आपण फार तर पाच मिनिटं डोळे मिटले होते, यावर दोघांचं एकमत झालं.

संध्याकाळी उतरत्या उन्हात ओटी उठून उभा राहिला.

"पाय मोकळे करतोस?" अर्स्किनने विचारलं.

"नाही," ओटी म्हणाला. "मत द्यायला चाललोय."

अर्स्किनने वर बघितलं. "ओटी, खाली बस. उद्यापासून गावात तोंड दाखवायचंय."

"सकाळपासून मी आपल्याच माणसांना घालवतोय, अर्स्किन. एकेकाला नाव घेऊन. माझ्या लेकीलासुद्धा घालवलं. घरचं मत घालवलं मी. आता हे एक उरलंय, ते देऊन येतो. मग काय म्हणायचं ते म्हणा."

तो रस्त्यावर उतरला. रस्ता तो केवढा, दोन गाड्या जेमतेम जातील एवढा. मध्यावर पोहोचला तेव्हा मागून आवाज आला. अर्स्किनचा आवाज ओटीसारखा कमावलेला नव्हता, पण त्या संध्याकाळी तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"गुड इव्हनिंग, मिस्टर ऑटिवेल जेरेमाया फॉगो!"

खिडक्या उघडल्या. समोरच्या दुकानाच्या पायरीवरची माणसं उठून उभी राहिली. ओटी वळला, टोपी काढली आणि म्हणाला, "गुड इव्हनिंग, मिस्टर अर्स्किन सॅम्युअल बर्चल." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग तो फाटकातून आत गेला.

आत टेबलाशी बसलेला अधिकारी त्याचा जुना प्रवासी निघाला. "मिस्टर फॉगो, तुम्ही?" त्याच्या तोंडून गेलं. ओटीने त्याला आधी गुड इव्हनिंग म्हणायला लावलं, मगच कागद घेतला. पडद्यामागे दोरीला बांधलेली पेन्सिल होती. ओटीने होयसमोर फुली मारली. ती जरा वाकडी आली, म्हणून तिच्यावरच पुन्हा गिरवली. मग तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला, कारण त्याला रडू येत होतं आणि ते अधिकाऱ्याला दाखवायचं नव्हतं.

बाहेर आला तेव्हा अर्स्किनने स्वतःची खुर्ची मिटून काखेत घेतली होती. "तुझी तू ने," तो म्हणाला आणि निघाला. बालपणापासून दोघे त्या रस्त्याने बरोबर घरी जात आले होते.

ओटी खुर्ची डोक्यावर घेऊन एकटाच घरी आला. दुकानाच्या पायरीवर कुणी त्याला गुड इव्हनिंग म्हणालं नाही. त्याला ते लागलं, पण त्याची मान ताठ होती. आपण काय केलं ते सांगायला निदान घरी एक माणूस होतं.

लव्हर्नने मेणबत्ती लावली होती. पंप बंद, म्हणून घराखालच्या टाकीतून बादलीने पाणी ओढून ठेवलं होतं. ती गॅसवर अंडी तळत होती.

"लव्हर्न," ओटी दारातूनच म्हणाला, "मला माफ कर. दुपारी मी तुला घालवलं. पण घरचं मत वाया जाऊ दिलं नाही. मी स्वतः गेलो. सगळ्या गावासमोर गेलो. अर्स्किनने नाव घेतलं तरी गेलो. होयवर फुली मारून आलो, पोरी!"

लव्हर्नने गॅस बारीक केला. तिचे डोळे भरून आले. ती पुढे आली आणि तिने बापाला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही.

"चांगलं केलंत, डॅडी," ती म्हणाली. मग त्याला खुर्चीत बसवून समोर बसली. "मीपण दिलं."

"केव्हा?"

"दुपारी परत आले. तुम्ही दोघं घोरत होतात. खुर्च्या झोपल्यात, अशी गावभर बातमी गेली होती. कर्कलंड आला, शाळेतल्या बाई आल्या, तुमचा कंडक्टर आला. ही मोठी रांग लागली."

ओटीला हसू फुटलं. त्याने टेबलावर थाप मारली. "आपली माणसं! सगळी?"

"सगळी. बूट हातात घेऊन चालत होती, डॅडी. तुम्हाला जाग येऊ नये म्हणून. कर्कलंडला खोकला आला तर बाईंनी त्याचं तोंड दाबलं. मीही बूट काढले." तिने मेणबत्तीची वात सरळ केली. "होय म्हणायलाच आले होते. तुम्हाला शब्द दिला होता. पण त्या रांगेत उभी राहून तुमच्याकडे बघत होते आणि मनात आलं, इंग्रज गेले की आपल्यावर लक्ष ठेवायला कोण बसणार? हेच की. माझा बाप आणि मिस्टर बर्चल."

ओटीचं हसू चेहऱ्यावरच राहिलं.

"मी नाहीवर फुली मारली, डॅडी."

मेणबत्ती तडतडली. बाहेर कुणीतरी झाडाच्या फांद्या तोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"पण लव्हर्न," शेवटी तो म्हणाला, आणि त्याचा आवाज टेबलाच्या पलीकडेसुद्धा नीट पोहोचला नाही, "ते माझं मत होतं गं."

"तुमचं तुम्ही दिलंत ना संध्याकाळी," ती म्हणाली आणि अंड्याची बशी त्याच्यासमोर ठेवली. "हे माझं होतं."